धूळ जागा बदलत नाही, सर

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेच्या संचालक मॅडम, कॅन्सर रुग्णालयातून मुद्दाम वेळ काढून आलेल्या, तिथल्या किरणोपचार विभागाच्या भौतिकतज्ज्ञ मॅडम, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो त्या सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान आणि त्यांची लेक, माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी उभं राहून हा बाबा आज किती वेळ खाणार याचा अंदाज बांधणारे माझे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत 'विभागप्रमुखांचे मनोगत, सात मिनिटे' असं छापलंय. सात मिनिटांचं भाषण मी लिहूनही आणलं होतं. हे बघा, दोन पानं आहेत. यात ताईंना कष्टाळू म्हटलंय, मनमिळाऊ म्हटलंय, आणि एके ठिकाणी विभागाचा कणासुद्धा म्हटलंय. हा कणा मी गेल्या वर्षी स्टोअरच्या काकांच्या निरोपालाही वापरला होता, त्यामुळे विभागाला नक्की किती कणे आहेत असा प्रश्न कुणालाही पडेल. ही पानं मी खिशात ठेवतो. संचालक मॅडम, मला सातपेक्षा जास्त मिनिटं लागतील. आधीच सांगून ठेवतो म्हणजे घड्याळाकडे बघायला नको. माझंच लक्ष सारखं तिकडे जातंय.

जरा पाणी घेतो.

तुम्ही म्हणाल, हा माणूस तीस वर्षं वर्गात बोलतोय, आज याला काय झालं? खरं सांगू का, आठवडाभर हे असंच चाललंय. बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही. घरी बायको म्हणाली, "निवृत्त त्या होतायत की तुम्ही?"

तर, ताई. ताईंना या संस्थेत एकतीस वर्षं झाली. त्याआधी त्या छत्र्या शिवायच्या कारखान्यात होत्या. हे ऐकून आत्ता कुणीतरी हसलं, पण हसू नका. छत्रीचं कापड काड्यांवर ताणून बसवणं हे फार नाजूक काम आहे. जास्त ताणलं तर शिवण उसवते, कमी ताणलं तर पाणी साचतं. आमच्या तेव्हाच्या प्रमुखांना असाच हात हवा होता. कारण आमच्या डिटेक्टरमध्ये एक पातळ पडदा असतो, आम्ही त्याला फॉइल म्हणतो. केसापेक्षाही पातळ. मध्ये प्लास्टिक, दोन्ही बाजूंना तांब्याचा मुलामा, आणि त्यात लाखो भोकं. प्रत्येक भोक असं की सुईचं टोकसुद्धा त्यात जाणार नाही. ही फॉइल चौकटीवर ताणायची आणि चिकटवायची. सुरकुती नको, डाग नको, बोटाचा ठसा तर नकोच नको. ताई चौकटीवर हलकेच टिचकी मारायच्या, कान लावायच्या आणि सांगायच्या, "उजवीकडे ढिली आहे." आम्ही यंत्राने मोजायचो. उजवीकडे ढिली असायची.

घरच्या मंडळींना हे यंत्र काय करतं ते चार वाक्यांत सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. या पेटीत एक वायू भरलेला असतो. किरण आत आला की वायूतून दोन-चार इलेक्ट्रॉन सुटे होतात. इतक्या थोड्यांची दखल कोण घेणार? म्हणून फॉइलच्या दोन बाजूंना जोरदार व्होल्टेज देतात. इलेक्ट्रॉन भोकात शिरले की वेगाने धावतात, वायूच्या रेणूंना धडकतात, आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, तेही धावतात. एकाचे शंभर, शंभराचे हजार. ही जी वाढ होते तिला आम्ही गेन म्हणतो. सगळं मोजमाप या गेनवर उभं असतं. गेन किती ते ठाऊक असेल, तर बाहेर मिळालेल्या आकड्यावरून आत किती किरण आला ते सांगता येतं. आणि गेन आपल्या नकळत बदलला, तर आकडा खोटं बोलतो. अगदी ठाम आवाजात खोटं बोलतो.

अकरा वर्षांपूर्वी या मॅडमच्या रुग्णालयाने आपल्याला एक काम दिलं. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा ठरलेला डोस द्यायचा असतो. किरणाच्या वाटेत एक मॉनिटर बसवतात, तो मोजत राहतो आणि ठरलेला आकडा आला की किरण थांबवतो. जुना मॉनिटर साधा होता, त्यात वाढ-बिढ काही नव्हती. आपला नवा मॉनिटर या फॉइलचा, अगदी हलका किरणही टिपणारा, किरण नेमका कुठे पडतोय त्याचं चित्र देणारा. माझ्या आयुष्यातलं ते तोवरचं सगळ्यात मोठं काम होतं. मी तेव्हा विभागप्रमुख नव्हतो, व्हायचं होतं. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे.

मॉनिटर तयार झाला. वर एक छोटा किरणोत्सारी सोर्स ठेवून आम्ही चाचणी सुरू केली. सकाळी पहिला आकडा आला, समजा शंभर. दहा मिनिटांनी एकशेचार. अर्ध्या तासाने एकशेबारा, मग तो तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शंभर, पुन्हा चढाई. सोर्स तोच, वायू तोच, व्होल्टेज तेच, आणि आकडा आपला चढतोय. तुम्ही अशा आकड्यापुढे कधी बसला आहात का? सारखं वाटतं, आता थांबेल. आपण खुर्चीच्या टोकावर येतो आणि तो आणखी एकाने वर जातो.

मी म्हणालो, तापमान. खोली सकाळी गार असते. त्याची दुरुस्ती केली. हवेचा दाब, त्याचीही केली. बाराचे साडेअकरा झाले. मग माझ्या डोक्याने, आणि हे डोकं मी फार हुशार समजायचो, दुसरं कारण शोधलं. धूळ. फॉइल स्वच्छ नसणार, गोंदाचा अंश भोकात गेला असणार. म्हणजे चूक कुणाची? ज्यांनी फॉइल लावली त्यांची.

सगळ्या विभागासमोर मी ताईंना म्हणालो, "तुमच्या हातून काहीतरी गडबड झालीये."

ताई म्हणाल्या, "झाली असेल सर. पण घाण असती तर ठिणग्या पडल्या असत्या, आकड्यांनी उड्या मारल्या असत्या. हा तर शहाण्यासारखा चढतोय आणि शहाण्यासारखा थांबतोय."

"कारण मी शोधतो. तुम्ही नवी फॉइल लावा."

त्यांनी नवी फॉइल लावली. मग आणखी एक. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या वेळी त्या मास्क काढून क्लीन रूमच्या, म्हणजे फॉइल लावायच्या धूळमुक्त खोलीच्या, दारात आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला लागलो. काय लिहिलं होतं ते सांगतो. तारीख लिहिली होती. दोनदा.

काम द्यायची मुदत शुक्रवारी होती. बुधवारी मला उपाय सापडला. मी म्हटलं, मॉनिटर अर्ध्या तासात स्थिर होतो ना? मग वापरायच्या आधी अर्धा तास व्होल्टेज चालू ठेवा, स्थिर झाल्यावर कामाला घ्या. मी करून बघितलं. सकाळी व्होल्टेज चालू केलं, अर्धा तास चहा प्यायलो, येऊन आकडा घेतला. एकशेबारा, अगदी स्थिर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सूचनापत्रकात मी स्वतः ओळ टाकली: 'वापरापूर्वी तीस मिनिटे व्होल्टेज चालू ठेवावे.'

आमच्या नियमाप्रमाणे चाचणीच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक बनवणाऱ्याची म्हणजे माझी, आणि एक तपासणाऱ्याची म्हणजे ताईंची. गुरुवारी संध्याकाळी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "सर, एक विचारू? त्या अर्ध्या तासात सोर्स कुठे होता?"

"कुठे म्हणजे?"

"तुम्ही चहाला गेलात तेव्हा सोर्स पेटीवरच होता. मी बघितला. म्हणजे त्या अर्ध्या तासात नुसतं व्होल्टेज नव्हतं, किरणही पडत होता. रुग्णालयात सकाळी किरण बंद असणार. तिथे नुसतं व्होल्टेज असणार."

मंडळी, खोलीत लख्ख उजेड होता. बाई पाच फुटांवर उभी राहून मला माझी चूक बोट ठेवून दाखवत होती. मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "त्याने काय फरक पडतो?"

"पडतो की नाही ते बघितलेलं नाही. म्हणून तर सही करत नाही. सोमवारपर्यंत थांबा, मी बघून सांगते."

"उद्या मॉनिटर जायचाय."

"मग माझ्या सहीशिवाय जाईल."

आणि तो त्यांच्या सहीशिवायच गेला. तपासणाऱ्याच्या जागी मीच सही केली. बनवणाराही मीच आणि तपासणाराही मीच. त्याच संध्याकाळी मी ताईंच्या गोपनीय अहवालात शेरा लिहिला. तो मला पाठ आहे. 'कामात हलगर्जी. वरिष्ठांशी असहकार. नाजूक जोडणीच्या कामास अयोग्य.' त्या वर्षी त्यांचं बढतीसाठी नाव होतं.

संचालक मॅडम, मला कल्पना आहे की निरोप समारंभात असं बोलत नाहीत. ताई मला हातानं खुणावतायत, बसा म्हणून. नाही ताई, आज नाही बसत. थोडंच राहिलंय.

शुक्रवारी दुपारी रुग्णालयात मॉनिटर बसला. या मॅडमनी त्यांची तपासणी केली, आणि त्यांच्या तपासणीत काहीच कमी नव्हतं. पण ती दुपार होती. जुळवाजुळव करताना तासभर किरण त्यातून गेलेला होता, त्यामुळे मॉनिटर आधीच चढून स्थिर झाला होता. आकडे छान जुळले. सोमवारी सकाळपासून किरण थांबवायचं काम नव्या मॉनिटरने करायचं असं ठरलं.

शनिवारी सुट्टी होती. ताई सकाळी संस्थेत आल्या, रखवालदाराच्या वहीत नोंद करून. त्याच घाण्यातला एक जादा मॉनिटर आमच्याकडे होता. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं व्होल्टेज दिलं. सोर्स शिशाच्या डबीत बंद. मग सोर्स ठेवला आणि आकडा घेतला. शंभर. म्हणजे नुसत्या व्होल्टेजने काहीही झालेलं नव्हतं. मग जे केलं ते, माझं ऐका विद्यार्थ्यांनो, ते मी दरवर्षी तुम्हाला शिकवतो पण कुणाचं ते सांगत नाही. त्यांनी एका जाड पत्र्याला रुपयाएवढं भोक पाडलं, तो पत्रा पेटीवर ठेवला आणि फक्त डाव्या कोपऱ्यात किरण पडू दिला. आकडा चढला, एकशेबाराला थांबला. मग पत्रा चार बोटं उजवीकडे सरकवला. तीच पेटी, तोच वायू, तीच खोली, तेच तापमान. आकडा पुन्हा शंभर! आणि पुन्हा चढायला लागला. पत्रा परत डावीकडे नेला. एकशेबारा.

काय कळलं? जिथे किरण पडतो तिथेच गेन बदलतो. त्याचं कारण आज सगळ्या पुस्तकांत आहे. भोकाची भिंत प्लास्टिकची. धावणारे काही इलेक्ट्रॉन, काही आयन तिला चिकटतात. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, मग ते जाणार कुठे? तिथेच बसून राहतात. दारात माणसं ठाण मांडून बसली की आत येणाऱ्यांना मधूनच दाटीवाटीने जावं लागतं, तसं भोकातलं विद्युतक्षेत्र बदलतं आणि मध्यावर जोर वाढतो. गेन चढतो. भिंत पुरेशी भरली की नवीन बसायला जागा नाही, म्हणून थांबतो. रात्रभर किरण बंद ठेवला की बसलेले हळूहळू निघून जातात. सकाळी भिंत रिकामी, पुन्हा शंभर.

ताईंना तेव्हा भिंतीबद्दल ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की ही धूळही नाही आणि तापमानही नाही, आणि सोमवारी सकाळी रुग्णालयात मॉनिटर शंभरावर असणार. आता हिशेब बघा. मॉनिटर जुळवलेला आहे एकशेबारावर. सकाळी तो कमी मोजणार. कमी मोजला तर उशिरा थांबवणार. म्हणजे सकाळच्या पहिल्या रुग्णाला ठरल्यापेक्षा जास्त डोस.

त्यांनी मला फोन केला. मी मेव्हण्याच्या घरी जेवायला गेलो होतो. फोनच्या स्क्रीनवर त्यांचं नाव बघितलं आणि फोन उलटा ठेवला. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बायको म्हणाली, "घ्या की, काही अडचण असेल." मी म्हणालो, "अडचण तीच आहे." सगळे हसले. मीही हसलो. रविवारी पुन्हा दोन वेळा आला. घेतला नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला ताई रुग्णालयाच्या तळघरात हजर झाल्या. तिथे त्यांना कुणीही ओळखत नव्हतं. पुढचं या मॅडमच्या तोंडून मी अनेकदा ऐकलंय, तेच सांगतो. मॅडम, चुकलं तर थांबवा.

ताई म्हणाल्या, "मी त्या संस्थेत फॉइल चिकटवते. तुमचा मॉनिटर सकाळी खोटं बोलणार आहे."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या साहेबांचं पत्र आहे माझ्याकडे. सगळं तपासलंय."

"साहेबांनी तपासलंय, मी तपासलेलं नाही. त्या कागदावर माझी सही बघा. नाही सापडणार."

मॅडमनी कागद काढला. दोन्ही जागी एकच सही. त्या म्हणतात, मला त्या क्षणी ताईंचं म्हणणं पटलं नव्हतं, पण तो कागद खटकला. बाहेर बाकावर पहिले रुग्ण बसलेले होते. साठीचे एक गृहस्थ, घशाचा कॅन्सर. शेजारी सून. पावणेनऊची वेळ दिलेली. मॅडमनी सुनेला सांगितलं की थोडा उशीर होईल, आणि आत येऊन टेबलावर पाण्याची टाकी ठेवली. रुग्णाऐवजी पाणी, आणि पाण्यात जुन्या, बिनवाढीच्या पद्धतीचा डिटेक्टर. माझ्या सूचनापत्रकाप्रमाणे नव्या मॉनिटरचं व्होल्टेज बरोबर अर्धा तास चालू ठेवलं. ताई आणि मॅडम, दोघी नियंत्रणखोलीत थांबल्या. ताईंनी म्हणे पूर्ण अर्धा तास खुर्ची घेतली नाही, दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. मॅडम म्हणाल्या, "बसा हो." ताई म्हणाल्या, "माझं चुकलं तर नोकरी जाईल. बरोबर आलं तर..." आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

किरण सुरू झाला. नव्या मॉनिटरने आपला आकडा पुरा केला आणि तो थांबवला. पाण्यातल्या डिटेक्टरवर ठरलेल्या डोसपेक्षा अकरा टक्के जास्त होतं.

ज्यांना या अकराचा अर्थ कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घशात कॅन्सरच्या गाठीला लागूनच पाठीचा कणा असतो. तिथे तीन-चार टक्के इकडेतिकडे झालं तरी डॉक्टर अस्वस्थ होतात. आणि दररोज सकाळी पहिली वेळ त्याच गृहस्थांची होती, सहा आठवडे.

मला दहा वाजता बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा ते गृहस्थ जायला निघाले होते. त्यांना बुधवारी यायला सांगितलं होतं. ते सुनेला म्हणत होते, "बरं झालं, आज माझा घसाही जरा दुखतच होता." मी त्यांच्या बाजूने गेलो. त्यांनी मला वाट दिली.

आत मॅडमनी कागद पुढे ठेवला. मी आकडा वाचला. गुरुवारी विचारलेला प्रश्न माझ्या लगेच ध्यानात आला. लगेच! मला समजायला दोन सेकंदसुद्धा लागली नाहीत, म्हणजे गुरुवारीही लागली नसती. ताई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात तो भोक पाडलेला पत्रा होता, पुरावा म्हणून आणलेला. त्या म्हणाल्या, "धूळ जागा बदलत नाही, सर."

आणि मी, या विभागाचा भावी प्रमुख, पहिलं वाक्य काय बोललो? मी म्हणालो, "तुम्ही मला न विचारता परस्पर इथे कशा आलात?"

जरा पाणी... नाही, राहू द्या.

पुढचं लवकर सांगतो. रुग्णालयात रोज पहिल्या रुग्णाआधी पाण्याच्या टाकीवर वीस मिनिटं किरण सोडायची पद्धत पडली. मॉनिटर चढून स्थिर झाला, जुन्याशी ताडून बघितला, की मगच रुग्ण आत. त्या गृहस्थांचे उपचार व्यवस्थित पार पडले. मी मुळाशी जाऊन भिंतीवरच्या साचलेल्या विद्युतभाराचा अभ्यास केला, सहा महिन्यांनी शोधनिबंध लिहिला. तो खूप गाजला. परदेशातून बोलावणी आली. त्यात पहिलं नाव माझं. ताईंचं नाव शेवटच्या ओळीत, 'तांत्रिक मदतीबद्दल आभार' म्हणून, गोंद पुरवणाऱ्या कंपनीच्या आधी. आणि परवानगीशिवाय बाहेरच्या संस्थेत गेल्याबद्दल ताईंना ज्ञापन, म्हणजे मेमो, मिळालं. माझ्या शेऱ्यामुळे त्यांना जोडणीच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. चौदा महिने. ज्या हातांना सुरकुती कळायची ते हात चौदा महिने खोकी मोजत होते. बढती चार वर्षं लांबली.

तुम्ही विचाराल, खरं कळल्यावर तो शेरा का नाही काढला? काढता येत होता. एक पानभर लिहावं लागलं असतं की हा शेरा चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे. बस, तेवढंच. ते 'का' मला लिहिता येईना. आधी म्हटलं, निबंध छापून येऊ दे. मग म्हटलं, प्रमुखपदाची मुलाखत होऊ दे. मग प्रमुख झालो आणि सगळ्यांचे गोपनीय अहवाल माझ्याच कपाटात आले. दरवर्षी मार्चमध्ये ताईंचा अहवाल लिहायला फाइल उघडायची, मागचं पान दिसायचं, आणि मी नवा शेरा भरभरून लिहायचो. 'अत्युत्कृष्ट.' 'अनुकरणीय.' दहा वर्षं मी विशेषणांवर विशेषणं रचत गेलो, आणि ते एक पान खाली तसंच.

आणि ताई? त्या क्लीन रूममध्ये परत आल्या त्या दिवशी मी दारात गेलो, म्हटलं, "कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "हवेची गाळणी बदलायला झालीये." एवढंच. आज कार्यक्रमाआधी त्यांच्या लेकीशी बोललो. म्हटलं, आई माझ्याबद्दल काय सांगायची घरी? लेक म्हणाली, "आईनं तुमच्याबद्दल घरी कधीच वाईट काही सांगितलं नाही." मला जरा बरं वाटलं. मग ती म्हणाली, "चांगलंही नाही."

गेल्या आठवड्यात मी ते पान लिहिलं. अकरा वर्षांनी. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात 'अनवधानाने' हा शब्द यायचा. पाचव्यांदा तो आला नाही. मंगळवारी दुपारी मी ते घेऊन ताईंकडे गेलो. त्या आपली हत्यारं पुसून नव्या मुलीच्या ताब्यात देत होत्या. म्हटलं, "ताई, हे वाचा. तुमच्या फाइलमध्ये लावतोय. तो शेरा रद्द होईल."

त्यांनी हातमोजे काढले, चष्मा लावला, उभ्याउभ्याच वाचलं. मी वाट बघत होतो. कसली ते विचारू नका. रडतील, रागावतील, निदान 'जाऊ द्या सर' तरी म्हणतील.

त्या म्हणाल्या, "स्टोअरमध्ये चौदा महिने होते. तुम्ही तेरा लिहिलंय."

मी दुरुस्त केलं.

"आणि हे माझ्या फाइलमध्ये कशाला?"

"म्हणजे? तिथेच तर तो शेरा आहे."

"सर, शुक्रवारी मी गेले की माझी फाइल बांधून तळमजल्यावर जाईल. तिला कोण उघडणार? कागद खरा असेल तर जो इथे राहणार आहे त्याच्या फाइलमध्ये लावा. तुमच्या."

मी म्हणालो, "माझ्या फाइलमध्ये असं काही लावायचा नियम नाही."

"तपासणाऱ्याच्या जागी सही करायचाही नव्हता."

एवढं बोलून त्या पुन्हा चिमटे पुसायला लागल्या. मी दारापर्यंत गेलो, परत आलो. म्हटलं, "ताई, माफ केलंत का?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "लावा आधी. मग बघू."

मंडळी, आज सकाळी साडेदहा वाजता मी तो कागद संचालक मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, मला दोन प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरं देताना मला घाम फुटला. तो दोन ठिकाणी लागला आहे. प्रत ताईंच्या फाइलमध्ये, कारण तो त्यांचा हक्क आहे. मूळ कागद माझ्या फाइलमध्ये. त्या निबंधात लेखक म्हणून ताईंचं नाव घालावं असं पत्रही काल संपादकांना गेलंय. ते काय करतील ते माझ्या हातात नाही. अजून चार वर्षांनी मी निवृत्त होईन. तेव्हा माझ्याविषयी बोलायला याच जागी जो कुणी उभा राहील, त्याने आधी आस्थापना विभागात जाऊन ती फाइल वाचावी आणि मग हवी ती विशेषणं वापरावीत.

सात मिनिटांची वीस झाली. अध्यक्षा मॅडमनी मला थांबवलं नाही, रुग्णालयाच्या मॅडमनी सगळं निमूट ऐकून घेतलं, ताईंच्या घरच्यांनी हे ऐकायला लागणं सोसलं, त्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे शब्द कमी-जास्त पडला असेल, त्याबद्दल सभागृहाने मला उदार मनाने माफ करावं. ताईंनी घाई करू नये.

धन्यवाद.